मदत हवी आहे : सुट्या चहाचे २३ डबे, संपवू कसे?

नमस्कार मंडळी. हौसेने जमवलेला सुटा चहा परवा मोजला, तर २३ डबे निघाले! पुएर (चीनचा आंबवलेला चहा) राहू दे, तो मुरतो. पण सेंचा (जपानी हिरवा चहा) आणि दार्जिलिंग फर्स्ट फ्लश (वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा) यांचा ताजेपणा लवकर उतरतो, म्हणून तेच आधी काढलेत.

रोज एक चहा घेते. ३ ग्रॅम पानं, २०० मिली पाणी, आणि चव वहीत. सेंचावर उकळतं पाणी ओतलं तर कडूजहर झाला. ७० अंशाला मिनिटभरच ठेवला, तर गोडसर, ओल्या गवताच्या वासाचा. उलाँगने (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) मात्र दमवलंय. त्याच्या पानांच्या घट्ट वळलेल्या गोळ्या तिसऱ्या पाण्यात (म्हणजे तीच पानं तिसऱ्यांदा भिजवल्यावर) कुठे नीट उलगडतात, आणि दर पाण्याला चव वेगळी. मग वहीत नोंद कोणत्या पाण्याची करायची?

शिवाय एका उलाँगच्या डब्याचं झाकण सैल राहिलं (चूक माझीच). त्याला शेजारच्या लापसांग सूचाँग या धुरावर वाळवलेल्या चहाचा धुरकट वास लागलाय. मंद आचेवर कोरडा परतला तर जाईल, की आशा सोडू? आणि तळाशी चमचाभर उरलेले चहा तुम्ही एकत्र करता का? माझ्या तर जिवावर येतं.