डोळ्यांनी वाचता येत नाही तर पाठांतर कसं करायचं? ज्युडी डेंच कसं करते?

कॅशकाउंटर (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी. वय ६१. बँकेत ३४ वर्षं कॅशला होते. नोटा मोजून मोजून डोळे गेले असं आमचे हे म्हणतात, डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं.

गेल्या श्रावणात एक दिवस हॉलच्या खिडकीचे गज मध्येच बाक आल्यासारखे दिसायला लागले. मी सरळ फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. त्या बिचाऱ्याने गजांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "काकू, गज सरळ आहेत." तो गेल्यावर डावा डोळा झाकून बघितलं तर गज वाकडे, उजवा झाकून बघितलं तर सरळ. तेव्हा कळलं, दुरुस्ती कुठे लागणार ते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटींचा कागद समोर धरला आणि नाव सांगितलं: मॅक्युलर डीजनरेशन. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. (हो, डोळ्यातच. ऐकायला वाटतं तेवढं भयंकर नसतं.) डाव्यातही सुरुवात आहे. कडेचं सगळं दिसतं, मधलं जातं. समोरच्याचे कान दिसतात, नाक दिसत नाही.

आता मुद्दा. कॉलेजपासून मी हौशी नाटकं करते. राज्य नाट्य स्पर्धेत नाशिक केंद्रावर किती वेळा उभी राहिले ते मोजलेलं नाही. साईखेडकर नाट्यगृहाच्या ग्रीनरूममधला कुठला आरसा कुठे उडालाय ते मला पाठ आहे. यंदा आजीची भूमिका आहे, पावणेदोन तासांच्या नाटकात सव्वा तास मी स्टेजवर. संहिता ६८ पानी. झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्रीवर मोठी करून आणली, पण अक्षर कितीही मोठं केलं तरी मी जिथे बघते तिथलंच जातं. तालमीत 'नवरा'च्या जागी 'नरा' वाचलं. सगळे हसले, मीही हसले.

परवा तालमीनंतर चहाच्या टपरीवर आमचा दिग्दर्शक म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका, तुमचे संवाद निम्मे करू, बाकीचे सुनेच्या तोंडी टाकू." पोरगा वाईट नाही. पण मी रिक्षावाल्याला पंचवटी कारंजासुद्धा बोटानेच दाखवलं, तोंडातून शब्द निघेना.

लेकीने सांगितलं की जेम्स बाँडची ती साहेबीण, ज्युडी डेंच, तिलाही हाच आजार आहे आणि ती तरी काम करत राहिली. मी तिचे बाँडपट आणि तो राजस्थानातल्या हॉटेलचा सिनेमा एवढंच पाहिलंय. ती पाठांतर कसं करते? आणि तिचं काय काय ऐकावं? (बघावं असं मुद्दामच लिहीत नाही.)

---

विंगेतला

ताई, मी तीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणून बोलतो. वाचून पाठ करणाऱ्यांपेक्षा ऐकून पाठ करणारे कमी अडतात. जुन्या कंपन्यांमध्ये अक्षरओळख नसलेले नट होतेच की, त्यांना कोण कागद देत होतं?

कोणाकडून तरी संवाद सपाट वाचून घ्या. अभिनय अजिबात नको, रेशनच्या यादीसारखं वाचायचं. वाचणाऱ्याने चढउतार केले की तेच कानात बसतात आणि मग काही केल्या निघत नाहीत. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकू नका, त्याच कारणासाठी. समोरच्याचं शेवटचं वाक्य आणि तुमचं वाक्य, अशी जोडी घ्या. एका बैठकीला दहा जोड्या पुरे.

आणि स्टेजची पावलं मोजा. खुर्ची ते दार किती, दार ते देव्हारा किती. कडेचं दिसतंय ना? मग जमिनीवर पांढरी चिकटपट्टी मारून घ्या.

---

निवृत्तमास्तर

कॅशकाउंटर, तुमच्या प्रश्नाने मला कामाला लावलंत. मी इंग्रजी शिकवायचो आणि या बाईंचा जुना भक्त आहे, तेव्हा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पाठांतराचं आधी सांगतो. २०१२च्या फेब्रुवारीत तिने स्वतःच जाहीर केलं की तिला मॅक्युलर डीजनरेशन आहे. तिच्या आईलाही होतं. तिनेही इंजेक्शनं घेतली. संहिता ती कोणाकडून तरी वाचून घ्यायची आणि ऐकून पाठ करायची, मुलगी, मित्र, जो हाताशी असेल तो. पण गंमत अशी की डोळे धड असतानासुद्धा संहिता न वाचताच भूमिका घ्यायची तिची खोड प्रसिद्ध होती. दिग्दर्शकाला म्हणायची, गोष्ट सांगा. म्हणजे कानाने नाटकात शिरायची सवय आधीपासूनचीच.

आता थोडं मागे जातो. जन्म ९ डिसेंबर १९३४, यॉर्क. वडील डॉक्टर. तिला नटी व्हायचंच नव्हतं, नेपथ्यकार व्हायचं होतं. स्ट्रॅटफर्डला 'किंग लिअर' पाहिलं, त्याचा साधासा, एकाच रचनेचा सेट पाहिला आणि आपल्याला असं सुचणार नाही म्हणून तिने तो नाद सोडला. ज्या 'लिअर'च्या छायेतून आपल्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी (कुसुमाग्रजांनी) 'नटसम्राट' उभं केलं, त्याच 'लिअर'ने इंग्लंडला ज्युडी डेंच दिली. मला हे वर्गात सांगायला फार आवडायचं, पोरं मात्र घड्याळ बघायची.

१९५७ला ओल्ड विक नाटक कंपनीत 'हॅम्लेट'मधली ऑफिलिया म्हणून पदार्पण. सिनेमावाल्याने मात्र सुरुवातीलाच, हा चेहरा पडद्यावर चालायचा नाही, अशा अर्थाचं तोंडावर सांगितलं. ती रंगभूमीवर राहिली आणि टीव्हीवर गेली. १९६६ला बीबीसीवर 'टॉकिंग टू अ स्ट्रेंजर' ही चार भागांची मालिका झाली. एका कुटुंबाचा तोच शनिवार-रविवार चौघांच्या नजरेतून चार वेळा. तिला त्यासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. १९६८ला लंडनला 'कॅबरे'त सॅली बोल्स, गाण्यांसकट.

आणि १९७६चं 'मॅकबेथ'. स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस'मध्ये, म्हणजे पत्र्याच्या शेडवजा छोट्या थिएटरात. दिग्दर्शक ट्रेव्हर नन, मॅकबेथ इयन मॅकेलन, लेडी मॅकबेथ ही. १९७९ला त्याचं टीव्हीवर चित्रीकरण आलं म्हणून आपल्या हाती लागतं. तुम्ही नाशिकच्या नाटकातल्या, तेव्हा तात्यांचं 'राजमुकुट' माहीत असणारच, तेच हे नाटक. त्यातला झोपेत चालण्याचा प्रवेश ऐका. बाईचे डोळे उघडे आहेत आणि दिसत काहीच नाही, अशी ती अवस्था. ज्युडी त्यात एक लांब आवाज काढते, रडणं म्हणावं तर रडणं नाही, श्वास आणि किंकाळी यांच्या मधलं काहीतरी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॅसेट बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

मग ऐंशीच्या दशकात हीच बाई विनोदी मालिकेत. 'अ फाइन रोमान्स', १९८१ ते ८४, आणि समोर खराखुरा नवरा, मायकेल विल्यम्स. नंतर 'अ‍ॅज टाइम गोज बाय', १९९२ ते २००५. तरुणपणी एक पत्र पोचत नाही म्हणून ताटातूट झालेली नर्स आणि लष्करी अधिकारी ३८ वर्षांनी भेटतात, एवढीच गोष्ट. तुम्हाला आधी हीच मालिका सुचवेन. चित्राची गरज जवळजवळ लागत नाही. समोर जेफ्री पामर कुरकुरत असतो आणि ही एका "हं"मध्ये त्याला गप्प करते. आपल्याकडच्या मालिकांत त्याच "हं"साठी तीन वेळा विजेचा कडकडाट ऐकवतील.

आता वयाचं. 'गोल्डनआय' आला नोव्हेंबर १९९५मध्ये, तेव्हा ती ६१व्या वर्षात होती. बाँडला तोंडावर झापणारी एम. ते काम २०१२च्या 'स्कायफॉल'पर्यंत, सात चित्रपट. (त्यात चौकशी समितीपुढे ती टेनिसनच्या ओळी म्हणते, तेवढ्यासाठी सिनेमा पुन्हा लावा.) १९९७ची 'मिसेस ब्राउन' खरं तर बीबीसीने टीव्हीसाठी केलेली, मग थिएटरात गेली, आणि त्या व्हिक्टोरिया राणीने तिला पहिलं ऑस्कर नामांकन दिलं. पुढे एकूण आठ नामांकनं झाली, ऑस्कर एकच, 'शेक्सपिअर इन लव्ह'साठी, एलिझाबेथ राणी. पडद्यावर दहा मिनिटंही नाही! ते ऑस्कर मिळालं मार्च १९९९ला. तारीख माझ्या लक्षात आहे कारण १० मार्चला तात्यासाहेब गेले होते, सगळं नाशिक सुन्न होतं, आणि त्यानंतर दीड आठवड्यात सकाळच्या बातमीत हे नाव आलं. वाचनालयात पेपर वाचत बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार?

तर ताई, ज्या वयात तुमच्या बँकेने तुम्हाला नारळ दिला, त्या वयात या बाईची सिनेमातली खरी कारकीर्द सुरू झाली.

---

सातपूरकर

सगळं मान्य मास्तर, पण तुलना जरा ताणलेली वाटते. तिला वाचून दाखवायला माणसं, गाडीला ड्रायव्हर, आणि सिनेमात चुकलं तर रिटेक. काकूंना स्पर्धेत एकच प्रयोग, समोर परीक्षक, आणि विंगेत प्रॉम्प्टर जोरात बोलला तर गुण जातात. दिग्दर्शकाचंही एक बघा, टीममध्ये पंधरा जणांची मेहनत आहे. कंपनीत सेकंड शिफ्ट करून तालमीला येणारी पोरं असतात, मी त्यातलाच होतो. एकाच्या हट्टापायी बाकीच्यांचं नाटक का पडावं?

---

निवृत्तमास्तर

सातपूरकर, रिटेकचा मुद्दा रास्त. पण आजार जाहीर केल्यानंतर तिने नुसते सिनेमे केले नाहीत. २०१३ला लंडनच्या रंगभूमीवर 'पीटर अँड अ‍ॅलिस' केलं, २०१५ला 'द विंटर्स टेल'मध्ये पॉलिना केली, आणि त्या पॉलिनासाठी ८१व्या वर्षी तिला लंडनच्या रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, आठवा. तिथे रिटेक नसतो, रोज प्रयोग असतो.

आणि चुकायची म्हणता, तर चुकायचीच. 'विंटर्स टेल'चा किस्सा तिने स्वतः सांगितलाय. एक भलंमोठं भाषण ती जीव ओतून करत होती. शेवटी तिच्यासमोर काम करणाऱ्या केनेथ ब्रॅनाने सांगितलं, तुम्ही हे आठेक फूट उजवीकडे वळून म्हणालात तर माझ्याशी बोलल्यासारखं होईल, आत्ता तुम्ही रंगमंचाच्या खांबाशी बोलताय! भाषणातला शब्द पडला नव्हता, चुकली होती ती दिशा.

---

इंदिरानगर_उत्तर

मास्तरांचा किस्सा वाचून आईची आठवण आली, तिलाही हेच होतं. ताई, दोन गोष्टी. चौकटींचा तो कागद फ्रिजवर लावा आणि रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघा. रेघा आणखी वाकल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. दुसरं, समोरच्या नटांना सांगा की एंट्री घेताना आधी आवाज करा, बांगड्या, चपला, खोकला, काहीही. आई आम्हाला चेहऱ्याने ओळखत नव्हती, जिन्यावरच्या पावलांनी ओळखायची. कधी चुकली नाही.

---

कॅशकाउंटर (पंचवटी, नाशिक)

उशिरा उत्तर देतेय, फोनवर बोलून टाइप करायला शिकत होते. 'मॅकबेथ'चं त्याने 'माकड बेत' केलं होतं, लेकीने दुरुस्त केलं.

विंगेतले, तुमची रेशनच्या यादीची युक्ती चालली. खालच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी रोज संध्याकाळी सपाट वाचते, बदल्यात भेळ. मंगळवारच्या तालमीत तिसऱ्या प्रवेशात मी जोरात म्हणाले, "माझं कोणी ऐकत नाही या घरात, आजी डोळे पुसते." ते रंगसूचनेतलं होतं! पोरीने कंसासकट वाचलं आणि मी इमानदारीत कंसासकट पाठ केलं. सून झालेली मुलगी हसून विंगेत पळाली. पण बाकीचा प्रवेश अकरा मिनिटांचा, एकदाही अडले नाही.

सातपूरकर, तुमचा राग आला नाही. तुमचंच वाक्य घेऊन दिग्दर्शकाकडे गेले. म्हटलं, पंधरा जणांचं नाटक आहे, मान्य, दिवाळीपर्यंत माझ्या संवादांना हात लावू नकोस, दिवाळीनंतर अडले तर तू म्हणशील तेवढे काप. तो बरं म्हणाला. एक पान मात्र लगेच काढलं. खरं सांगायचं तर ते पान कंटाळवाणंच होतं.

मास्तर, 'अ‍ॅज टाइम गोज बाय'चे चार भाग ऐकून झाले. इंग्रजी निम्मं निसटतं, तरी तो "हं" कळला. मी आजीच्या तोंडी दुसऱ्या प्रवेशात घालून बघितला, मुलगा बायकोची बाजू घेतो तिथे. दिग्दर्शक म्हणाला, काकू हे लिहिलेलं नाही. मी म्हटलं, नाही ना? मग कापायचीही भीती नाही.

इंदिरानगर, सुनेला काचेच्या बांगड्या आणायला सांगितल्यात. मुलाचं काम करणारा अनवाणी येतो, त्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही. सध्या खोकतो, पण तो खोकला की मला वाटतं आजारीच आहे आणि मी एकदम प्रेमाने बोलायला लागते, तिथे तर भांडण आहे.

शनिवारी पाचला तालीम आहे. विंगेतले, तुम्ही येणार असाल तर येताना ती पांढरी चिकटपट्टी घेऊन या, रुंदवाली. इथल्या दुकानात नुसती खाकी मिळते आणि स्टेजच्या लाकडावर ती मला दिसत नाही.