ऐकून सगळं कळतं, वाचताना हरवतं. लक्ष कमी की वाचन कच्चं?

मुलगा ९ वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात तपासणी झाली: एडीएचडी (लक्ष टिकवायची अडचण) आणि सोबत डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण). रिपोर्टमध्ये शब्दांची समज वयाच्या मानाने चांगली, वर्किंग मेमरी (ऐकलेलं-वाचलेलं क्षणभर डोक्यात धरून ठेवणं) जेमतेम आणि प्रोसेसिंग स्पीड सगळ्यात खाली. समजावून सांगायला दहा मिनिटं मिळाली, त्यात डोक्यात फारसं शिरलं नाही.

गोंधळ असा की मी गोष्ट वाचून दाखवली तर कोण कुणावर का रुसलं इथपर्यंत त्याला सगळं आठवतं. तीच त्याच्या हातात दिली की 'प्रश्न'चं 'परशन' होतं, ओळ सुटते आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी हवेत. ('लक्ष दिलंस तर जमेल' असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आलोय. आता जीभ चावतो.)

प्रोसेसिंग स्पीड कमी म्हणजे नक्की काय हळू? बघणं, समजणं की हात? घड्याळ लावून वाचून घ्या असं एकाने सुचवलंय. घ्यावं का?

प्रतिसाद

घड्याळ आधी कपाटात ठेवा. मी विशेष शिक्षिका आहे. अशा सरावात मुलं अंदाजाने शब्द ठोकायला शिकतात.

प्रोसेसिंग स्पीडचा आकडा म्हणजे बुद्धी नव्हे. वेगाच्या चाचण्यांत बहुधा कोडिंग असते: प्रत्येक आकड्याचं ठरलेलं चिन्ह २ मिनिटांत जमेल तितकं पेन्सिलने काढायचं. त्यात नजर, स्मरण, हात आणि कंटाळा, सगळ्यांची खिचडी होते. सिंबल सर्च या दुसऱ्या चाचणीत चिन्ह शोधून नुसती खूण करायची असते. दोन्हींचे गुण वेगळे बघा. फक्त कोडिंग पडलं असेल तर हाताकडे, लिहिण्याकडे संशय जातो.

रॅपिड नेमिंग झालंय का? ओळखीचे रंग, वस्तू, अक्षरं भराभर नावाने म्हणायची. काही मुलांना अक्षर येत असतं, पण नाव ओठांवर यायला उशीर लागतो. शब्दातले ध्वनी सुटे न करता येणं ही वेगळी अडचण. दोन्ही एकत्र असतील तर वाचन जास्त अडतं, असं वुल्फ आणि बॉवर्स या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं.

ऐकून इतकं कळतंय म्हणजे समज शाबूत आहे. शब्द फोडण्यातच वर्किंग मेमरी खर्ची पडते, अर्थ धरून ठेवायला उरत नाही. 'लक्ष की वाचन' असं एकच निवडायचं नसतं, त्याला दोन्ही अडचणी आहेत. एडीएचडीच्या औषधाने तो जास्त वेळ बसेल, पण जोडाक्षर औषध शिकवत नाही. तोच छोटा उतारा तीन-चारदा मोठ्याने वाचून घ्या, सूचना एका वेळी एकच. परीक्षेत जादा वेळ मागा, त्यात लाज कसली.

धागाकर्ता

रिपोर्ट पुन्हा उघडला. कोडिंग ५, सिंबल सर्च ९. रॅपिड नेमिंगचा उल्लेखच नाही, सोमवारी फोन करून विचारतो. तोवर एक सांगा: 'प्रश्न' त्याला तोडून म्हणायला लावू, की आधी मी अख्खा म्हणून दाखवू?