अनुभव धागा: पोरांचे दात आणि आपण आया

रामबागची_सून
काल शेजारी चौथा वाढदिवस होता. पोराला सगळे म्हणतायत हस, आणि ते ओठ मिटून उभं. वरचे पुढचे चारही दात काळे, खुरटलेले. आई म्हणाली, "दुधाचेच आहेत, पडतील." लगेच माझा धाकटा भाऊ आठवला. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय झोपायचा नाही. आजीचंही हेच वाक्य. मग एकदा गाल सुजून डोळाच मिटला, दुधाची दाढ काढावी लागली. पक्की यायच्या आत शेजारची सरकून जागा बळकावून बसली. नववीत तारा लावल्या. पुढचे दात सहा-सातला पडतात हो, पण दुधाच्या दाढा दहा-बारापर्यंत लागतात, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. तुमच्याकडे काय काय झालं? लिहा.

मनूची_आई
सहा वर्षांची दाढ!!! कुणी सांगतच नाही. काही पडत नाही, हलत नाही, गुपचूप सगळ्यात मागे उगवते आणि ती पक्की असते. सासूबाई म्हणे दुधाचीच. डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून दाखवली, खाचा बुजवून दिल्या. दुखलं नाही काही. कुकर झालाय, येते.

जीरावण_काका
इंदूरच्या पोराला पोह्यांबरोबर जिलबी द्यायची नाही म्हणजे भिया अन्यायच.

जुळ्यांची_माय
काका, जिलबी खाल्ली, चूळ भरली, विषय संपला. दिवसभर बिस्किट गालात धरून हिंडतात ते वाईट.
माझी पद्धत सांगते. पोराचं डोकं मांडीवर, आपण मागून. एका बोटाने गाल ओढायचा, अंगठ्याने वरचा ओठ उचलायचा आणि हिरडीलगत ब्रश. मुख्य घाण तिथेच, पांढरी रेघ दिसते बघा. एक रडतं तेव्हा दुसरं हसतं, मग पाळी बदलते. पेस्ट तिनाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पिळतात ते बघून नवरा तसंच करायचा, ट्यूब मी वर ठेवली.

माहेर_झाबुआ
फ्लोराइडवाली का बिनफ्लोराइडची? आमच्या गावी हापशाच्या पाण्यातच ते जास्त, भावंडांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. म्हणून धास्ती वाटते.

जुळ्यांची_माय
फ्लोराइडवालीच. ते डाग दात आत बनत असताना वर्षानुवर्षं तसलं पाणी पोटात गेल्याचे. दाण्याएवढी पेस्ट वेगळी गोष्ट. इथे नर्मदेचं पाणी पितोय आपण. तरी एकदा विचारा दाखवायला न्याल तेव्हा.

विजयनगर_वहिनी
आमच्या हिचे वरचे दात आधी आले. आत्या म्हणे मामाला जड! दादा देवासहून बिचारा घाबरत आला, भाचीने त्याचंच बोट चावलं. जड ते एवढंच 😂

मनूची_आई
😂😂

सोनू९०
दात येतायत म्हणून जुलाब, असं म्हणत बसले होते घरचे. बाळ पार मलूल. बालरोगवाले म्हणाले, दाताने लाळ गळते, चिडचिड होते, असे जुलाब लागत नाहीत. हाताला येईल ते तोंडात घालतात, त्यातून लागण. आधी ओआरएस द्या.

रामबागची_सून
सोनू, हे बरं लिहिलंस. आता कसा आहे?

सोनू९०
आता मस्त, चप्पल चावतोय.

क्रिकेटवाल्याची_मम्मी
पटकन लिहिते. मुलाला बॉल लागून पक्का दात मुळासकट बाहेर. कोचने मुळाला हात न लावता कपभर थंड दुधात टाकला, तसेच सरकारी डेंटल कॉलेजात पळालो. बसवला त्यांनी, अजून आहे. घासूनपुसून नेऊ नका. दुधाचा दात असेल तर परत बसवत नाहीत, पण दाखवायचं.

जीरावण_काका
कोच हुशार. कुठलं ग्राउंड? नातवाला घालायचंय.

विजयनगर_वहिनी
काका, आधी नातवाची जिलबी बंद करा.

माहेर_झाबुआ
मनूची आई, तुम्ही सुदामानगरच्या का? गेल्या गणपतीत भाजणी दिलेली त्याच?

मनूची_आई
हो हो त्याच! कुकर उतरला. भाजणी परवा दळतेय, डबा पाठवा.