मदत हवी आहे - डब्लिनमध्ये मुलीचं फर्स्ट कम्युनियन

आम्ही वसईचे कॅथलिक, सध्या डब्लिनला. लेक दुसरीत आहे, मे महिन्यात तिचं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा विधी. आयर्लंडमध्ये २०१६ ला ७९ टक्के लोक कॅथलिक होते, २०२२ च्या जनगणनेत ६९, आणि त्यातले बरेच मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातच नाहीत, पण कम्युनियनचा पांढरा ड्रेस, पार्टी, अंगणात बाउन्सी कॅसल सगळं जोरात. परवा लेक रोझरी (जपमाळ) हातात धरून म्हणाली, मम्मा माझ्या वर्गातलं कोणी रविवारी चर्चला जात नाही मग आपणच का? मला पटकन उत्तर सुचलं नाही, खूप लागलं मनाला. शिवाय इंडियन म्हटलं की लोक हिंदूच समजतात. बाहेर राहणाऱ्या आयांनो, तुम्ही मुलांना कसं समजावता? आणि लाल लुगड्यातल्या आजीची कादोडीतली (आमच्या वसईकडच्या बोलीतली) प्रार्थना तिला कशी शिकवू?