मदत हवी आहे: टॅबलेटवरील ब्राउझरमध्ये टॅबपट्टी कोणत्या रुंदीला दाखवावी?

नमस्कार,

अँड्रॉइडसाठीच्या एका मुक्तस्रोत ब्राउझरच्या मांडणीचे काम आम्ही काही जण मिळून करत आहोत. हा ब्राउझर मुळात फोनसाठी बनलेला असल्यामुळे टॅबलेटवर तो चालतो, पण नुसता ताणल्यासारखा दिसतो. अ‍ॅड्रेस बार या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरतो, तीन टिंबांचा मेनू पार उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि दुसऱ्या टॅबवर जायचे तर आकडा लिहिलेले छोटे बटण दाबून पूर्ण स्क्रीन व्यापणारी कार्डांची जाळी उघडावी लागते. वाचत असलेले पान नजरेआड केल्याशिवाय शेजारच्या टॅबवर जाता येत नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण मोठ्या स्क्रीनवर माणूस बहुधा दोन-तीन पाने ताडून पाहत असतो. एका टॅबमध्ये अर्ज आणि दुसऱ्यात तो भरण्याच्या सूचना, असे.

म्हणून डेस्कटॉपप्रमाणे वरच्या बाजूला टॅबपट्टी द्यायचे ठरले आहे. त्याबद्दल आमच्यात मतभेद नाहीत. ती कोणत्या रुंदीला दाखवावी आणि कोणत्या रुंदीला काढून घ्यावी, यावर मात्र गाडी अडली आहे.

हे उपकरण फोन आहे की टॅबलेट, असे विचारून निर्णय घेणे आम्ही पहिल्यापासून टाळले. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून एकाच स्क्रीनवर दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी चालतात, घडीच्या फोनवर तर चालू असतानाच स्क्रीनची रुंदी बदलते, त्यामुळे विंडोची त्या क्षणीची रुंदी पाहणे हेच रास्त. मांडणी उभ्या दिशेलाच बांधून ठेवण्याची पळवाटही आता उरलेली नाही. २०२५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १६ साठी बनवलेल्या अ‍ॅपची अशी अट, ज्या स्क्रीनची लहान बाजू किमान ६०० डीपी (स्क्रीनच्या घनतेवर अवलंबून नसलेले अँड्रॉइडचे माप; १६० घनतेला एक डीपी म्हणजे एक पिक्सेल) आहे तिथे, यंत्रणा सरळ दुर्लक्षित करते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६०० डीपीच्या आतील विंडो अरुंद, ६०० ते ८४० मध्यम आणि त्यापुढील रुंद मानली जाते. यातील ६०० चा उंबरा धरावा की ८४० चा?

उदाहरणादाखल २५६० × १६०० पिक्सेलचा, ३२० घनतेचा (म्हणजे इंचाला ३२० ठिपके) टॅबलेट घेऊ. डीपीमध्ये तो १२८० × ८०० भरतो. ८४० चा उंबरा धरला तर आडव्या टॅबलेटवर पट्टी दिसते आणि तोच टॅबलेट उभा केला की नाहीशी होते. नुसता टॅबलेट फिरवल्याने टॅब दिसेनासे व्हावेत, हे मला पटत नाही. ६०० चा उंबरा धरला तर दोन्ही दिशांना पट्टी टिकते, पण स्क्रीन निम्मी वाटल्यावर ब्राउझरच्या वाट्याला मधला दुभाजक वजा जाता साधारण ६३० डीपी येतात आणि तिथे पट्टीची फार दाटी होते. प्रत्येक टॅबला किमान १२० डीपी आणि नव्या टॅबच्या बटणाला ४८ डीपी दिले, तर चार टॅब पूर्ण दिसतात आणि पाचवा कापला जातो. त्या १२० मधूनही साइटचे चिन्ह व त्याभोवतीची मोकळी जागा यांना ३२ आणि बंद करण्याच्या फुलीला ४८ गेले की मथळ्यासाठी अवघे ४० उरतात, ज्यात मराठी मथळ्याचा पहिला शब्दही धड मावत नाही.

फुली लहान करावी, असे एक मत आहे. डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एए या मधल्या पातळीसाठी २४ सीएसएस पिक्सेलचे (वेबपानावरील मापाचे एकक) दाबण्याचे लक्ष्य पुरेसे मानले आहे, हे खरे. पण अँड्रॉइड ४८ डीपी आणि अ‍ॅपल ४४ पॉइंट सुचवते ते बोटाची जाडी लक्षात घेऊनच, आणि इथे नेम चुकला तर टॅबच बंद होतो. त्यापेक्षा ८४० च्या खाली फुली फक्त चालू टॅबवर दाखवावी, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण दुभाजक ओढताना येते. रुंदी ६०० च्या आसपास घोटाळली की पट्टी दिसते, जाते, पुन्हा दिसते आणि त्यासोबत पानही वर-खाली उसळते. अर्धवट टाइप केलेला पत्ता जपण्याची सोय आम्ही केली आहे, ही उसळी मात्र थांबलेली नाही. पट्टी ६४० ला दाखवायची आणि ६०० च्या खाली गेल्यावरच काढायची, असे केल्यास ती थांबते. परंतु मग वरच्या उदाहरणातील ६३० च्या विंडोत पट्टी असेल की नसेल, हे विंडो आधी किती रुंद होती यावर ठरेल. एकाच रुंदीला दोन मांडण्या वापरणाऱ्याला गोंधळात टाकतील का? की दुभाजक सोडेपर्यंत मांडणी गोठवून ठेवणे अधिक बरे?

याच्याशी जोडलेला प्रश्न डेस्कटॉप साइटचा, म्हणजे साइटकडे फोनऐवजी संगणकासाठीचे पान केव्हा मागावे याचा, आहे. आयपॅडओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, आयपॅडवरील सफारी बहुतेक साइटना आपली ओळख मॅक अशीच सांगते, आणि मोठ्या स्क्रीनवर ते सोयीचेही ठरते. मात्र ही ओळख बदलायची तर पान नव्याने मागवावे लागते आणि भरत आणलेला अर्ज पुसला जाऊ शकतो. म्हणून पान उघडतानाच्या रुंदीवरून निर्णय घ्यावा आणि पुढे विंडो लहान झाली तरी तो त्या टॅबपुरता बदलू नये, असा माझा विचार आहे. यात एखादी खोच राहून जाते आहे का, हे कृपया तपासून सांगावे.

बाहेरचा कीबोर्ड व माउस जोडल्यावर कंट्रोल-टी, कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-टॅब हे नेहमीचे शॉर्टकट आणि उजव्या क्लिकचा मेनू चालतो; त्याबद्दल तूर्त विचारायचे नाही.

ज्यांनी घडीच्या फोनसाठी किंवा टॅबलेटसाठी अशी रुंदीनुसार बदलणारी मांडणी प्रत्यक्ष केली आहे, त्यांनी कोणता उंबरा धरला आणि दाखवण्या-काढण्याच्या रुंदींत किती अंतर ठेवले, हे आकड्यांसह सांगितल्यास फार मदत होईल. आपण स्वतः टॅबलेटवर निम्म्या स्क्रीनमध्ये ब्राउझर वापरत असाल, तर तेव्हा सहसा किती टॅब उघडे असतात, एवढे कळवले तरी किमान रुंदी ठरवताना उपयोग होईल.