घाटात पिकअप तापते, सपाटीला काटा खाली येतो. इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवू का?

मंडळी, गॅरेजवाल्याला उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय, म्हणून घाईत लिहितोय.

गाडी २०१७ ची टर्बो डिझेल पिकअप, १ लाख ६४ हजार किलोमीटर झालेली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवूड भरून आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जातो. महिनाभरापासून खंबाटकी चढताना दुसऱ्या गिअरवर आलो की काटा हलतो आणि माथा येईपर्यंत लाल पट्टीला टेकतो. एकदा तर बाजूला घेऊन बॉनेट उघडं टाकून पाऊण तास बसलो, मागचे हॉर्न ऐकत. गंमत म्हणजे घाट उतरून साठ-सत्तरने निघालो की सुरूर फाट्यापर्यंत काटा आपोआप निम्म्यावर. स्वारगेट ते कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये मात्र रिकामी गाडीही तापते.

आतापर्यंतचा खर्च: एकाने रेडिएटर उतरवून नळ्यांत रॉड मारून साफ केला, आतून चहासारखा गाळ निघाला (चूक माझी, दोन वर्षं बोअरचं पाणी ओतत होतो). दुसऱ्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, म्हणाला आपल्या हवेत याचं कामच नाही. तेव्हापासून सकाळी शिरवळ येईपर्यंत इंजिन धड गरम होत नाही, ॲव्हरेजही एक-दीडने पडलंय, आणि घाटातलं तापणं जसंच्या तसं. आता तिसरा म्हणतोय हेड गॅसकेट (हेडखालचं पॅकिंग) गेलं, हेड उतरवून फेसिंग मारावं लागेल, म्हणजे घासून सपाट करावं लागेल, २२ हजार. ऑइल स्वच्छ आहे, त्यात पाणी मिसळलेलं दिसत नाही. कूलंट महिन्यात अर्धा लिटर कमी झालं, पण त्या दिवशी घाटात उकळून बाहेर आलं तेच असावं.

घाटकरी:
थांबा, हेडला हात लावू देऊ नका. आधी फुकटातली तपासणी करा. सकाळी गाडी गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, काठोकाठ भरा, स्टार्ट करा. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. थांबायचं नाव न घेता येतच राहिले तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबाचा गॅस, पाण्यात जातंय. दुसऱ्या दिवशी झाकण लावून गार इंजिन सुरू करा. रेडिएटरचा वरचा पाइप दोन मिनिटांत दगडासारखा टणक झाला तरी तोच संशय. आणि तापलेल्या गाडीचं झाकण फडकं लावूनसुद्धा उघडू नका, माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

बारातेराचा पाना:
दादा, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. सत्तरच्या वेगाला वारा स्वतःहून जाळीतून घुसतो. घाटात गाडी वीसच्या वेगाने, इंजिनवर पूर्ण लोड, आणि वारा द्यायला फक्त पंखा. ट्रॅफिकमध्येही तेच. रेडिएटर आतून चोक असता किंवा पाणी फिरत नसतं, तर हायवेला लोडवर पळतानाही काटा चढला असता. पंखा बघितला का कोणी?

तुमच्या गाडीला फॅन क्लच असणार, म्हणजे गरजेप्रमाणे पंखा इंजिनला जोडणारा भाग. आत सिलिकॉन ऑइल असतं. रेडिएटरमधून गरम हवा आली की पुढची पत्ती व्हॉल्व्ह उघडते, ऑइल आत जातं आणि पंखा इंजिनला धरून फिरतो. ऑइल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण नुसता दिसतो. गाडी चांगली तापवून बंद करा, चावी खिशात घाला आणि पंखा हाताने फिरवा. मध ढवळल्यासारखा जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा दोन-तीन फेऱ्या फिरला तर क्लच गेला.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवाच. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. काढून टाकला की थोडं गरम पाणी रेडिएटर चुकवून परत इंजिनात जातं. म्हणजे सकाळी गाडी गार आणि घाटात उलट जास्त गरम. आणि रेडिएटरचं झाकण नवीन घ्या, दाबाच्या आकड्यासकट कंपनीने दिलंय तेच. पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून ते ११८ च्या आसपास जातं. स्प्रिंग ढिली असली की घाटात वाफ झालीच.

मूळ लेखक:
बुडबुडे नाहीत, पाइपही मऊ. संध्याकाळी मार्केटमधून येऊन पंखा फिरवला, बोटाच्या टिचकीने सुटला! क्लचच्या मधोमध काळपट चिकट राड, त्यावर प्लायचा भुसा बसून गोधडी झालेली. रेडिएटरच्या जाळीतही तोच भुसा आणि पाखरं. बादलीभर भुसा निघाला असेल, अतिशयोक्ती वाटली तरी. पंख्याच्या बाजूने साधं पाणी मारून धुतलं, प्रेशर वॉशरने पत्त्या वाकतात म्हणून.

नाना पेठेतून क्लच, थर्मोस्टॅट आणि झाकण आणलं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. मजुरी धरून ७ हजारांच्या आत. काल सव्वा टन प्लाय घेऊन खंबाटकी चढलो, काटा निम्म्याच्या जरासा वर जाऊन थांबला आणि पंख्याचा घुंऽऽ आवाज केबिनमध्ये ऐकू आला. इतक्या महिन्यांत हा आवाज आलाच नव्हता हे तेव्हा लक्षात आलं.

हेडवाल्याला फोन केला. म्हणाला, "तरी एकदा उघडून बघू."

बारातेराचा पाना:
त्याला नाही म्हणा. आठवडाभर रोज सकाळी गार गाडीत कूलंटच्या टाकीतली पातळी बघा, खूण करून ठेवा. खाली गेली नाही तर हेड शाबूत आहे. गेलीच तर आधी वॉटर पंपाखाली ओल आहे का ते बघा.