भाच्याला गाडी दिली नाही, यात माझं काय चुकलं?

टूलरूमवाला

वय ४४. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला (साचे करतात तिथे) आहे, राहायला इंदिरानगर. घरात एक काचेचं कपाट आहे. त्यात सव्वातीनशेच्या आसपास खेळण्यातल्या छोट्या गाड्या, पंचवीसेक फिगर (कार्टून-सिनेमातल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती) आणि एक अल्बम भरून बेसबॉलची कार्डं. पंधरा वर्षांत पगारातून थोडं थोडं करत जमवलंय. दारू-सिगारेट नाही (हे आधीच सांगितलेलं बरं, पुढचा प्रश्न तोच येतो).

गेल्या रविवारी बहीण आली. सोबत भाचा, वय ६. तो थेट कपाटापुढे ठिय्या मारून बसला आणि एका गाडीवर बोट ठेवलं. नेमकी पाकीटबंद ट्रेझर हंट. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: हॉट व्हील्स १९९५ पासून दरवर्षी काही मोजक्या गाड्या 'ट्रेझर हंट' म्हणून काढतं. गाडीवर कुठेतरी बारीकशी ज्वाळेची खूण असते. दुकानात किंमत इतर गाड्यांइतकीच, पण सापडली तर. ही मला तीन वर्षांनी सापडली होती.

मी म्हटलं, बाळा ही नाही, खालच्या खणात सुट्या गाड्या आहेत, त्यातल्या दहा घे. त्याला तीच हवी. मग व्हायचं ते झालं, रडारड, फरशीवर लोळण. बहीण म्हणाली, "दादा, दोनशे रुपयांची गाडी रे ती. पोरगं मोठं की गाडी?" आईही तिच्याच बाजूने. मी दिली नाही. बहीण चहासुद्धा न घेता निघाली. बायको मध्ये पडली नाही, पण तिचा चेहरा काय ते बोलला.

चौथीत स्कॉलरशिप मिळाली तेव्हा वडिलांनी मेन रोडवरून लिओ मॅटेलची एक गाडी आणून दिली होती. ती मी गल्लीतल्या गटारीत घालवली. कपाटात आज सव्वातीनशे आहेत, पण ती नाही. आता बोला, चुकलो का?

हिशोबी

चुकलात. भाच्याचं सोडा, आधी पैशाचं बोलू. सव्वातीनशे गाड्या, सरासरी दीडशे धरल्या तरी पन्नास हजाराच्या जवळ. फिगरचे वेगळे. तेच महिन्याला तीनशे रुपये म्हणून एसआयपीत टाकले असते तर भाच्याच्या मुंजीत मिरवला असतात. आणि बेसबॉल? नाशकात? तुम्हाला तो खेळ कळतो तरी का?

टूलरूमवाला

आता कळतो, आणि कार्डांमुळेच कळला. मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने तिथल्या कुठल्याशा गॅरेज सेलमधून दोन डबे आणले, १९८८ ते ९१ ची. कार्डाच्या मागे खेळाडूची वर्षावार आकडेवारी असते. कुठला आकडा कशाचा, हे शोधता शोधता आख्खा खेळ समजला. क्रिकेटचं स्कोअरकार्ड वाचत मोठे झालेल्या माणसाला ते आवडणारच. दोन्ही डब्यांची बाजारात किंमत शून्य आहे, तेही सांगून टाकतो.

अर्धवट_इंजिनीअर

शून्य कसं? ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड १.२६ कोटी डॉलरला गेलं. तेव्हाच्या दराने शंभर कोटी रुपये, पुठ्ठ्याच्या एका तुकड्याचे! त्याच महिन्यात होनस वॅगनरचं शतकभर जुनं कार्ड ७२.५ लाख डॉलरला. ते तर सिगारेटच्या पाकिटातून फुकट यायचं. हिशोबीशेठ, लावा तुमची एसआयपी.

हिशोबी

शेठ म्हणालात म्हणून सविस्तर उत्तर देतो. मँटलचं कार्ड महाग का झालं? १९५२ च्या त्या संचाचा शेवटचा भाग फारसा विकलाच गेला नाही. टॉप्सच्याच माणसाने पुढे सांगितलं, की १९६० च्या सुमारास गोदामात उरलेला माल त्याने बोटीतून नेऊन अटलांटिकमध्ये ओतला. जी कार्डं विकली गेली ती पोरांनी सायकलच्या आऱ्यांना लावली, रबर बांधून खिशात कोंबली, आयांनी रद्दीत घातली. धड उरली ती बोटावर मोजण्याइतकी.

मग अशा किमतींच्या बातम्या आल्या, आणि ऐंशीच्या दशकात प्रत्येकाने कार्डं जपायला सुरुवात केली. कंपन्यांनीही छापत सुटायचं ठरवलं. सगळ्यांनी जपली, म्हणून आज कोणी विचारत नाही. धागाकर्त्याचे दोन डबे म्हणजे तोच काळ, तिकडे त्याला 'जंक वॅक्स'च म्हणतात. गुंतवणूक म्हणून जपाल तर रद्दी, खेळून वाट लावाल तर सोनं. गंमत लक्षात येतेय ना? भाचे गाड्या तोडतात म्हणून मामांच्या गाड्यांना किंमत येते. धागाकर्त्याने त्या पोराचे आभार मानायला हवेत.

अर्धवट_इंजिनीअर

हे मात्र जबरी. पटलं नाही, पण जबरी.

पिंपळपारावरून

मी ६८ वर्षांचा, पंचवटीतला. खेळणं खेळायसाठी असतं, एवढं साधं तुम्हा लोकांना कळत नाही याचं नवल वाटतं. आमच्या लहानपणी यात्रेतून सावंतवाडीची लाकडी फळं आणली की आठवड्यात त्यांचा रंग उडायचा, इतकी हाताळायचो. पाकीट न फोडता गाडी ठेवणं म्हणजे श्रीखंड आणून डब्याचं झाकण न उघडणं. तुम्ही भाच्याला नाही म्हणालात ते एक वेळ मान्य, पण स्वतः तरी खेळता का हो? खेळत असाल तर तुम्ही बालिश, आणि बालिश असणं मला चालतं. नसाल तर तुम्ही भांडारपाल.

टूलरूमवाला

काका, हे लागलं. खरं सांगतो, सुट्या गाड्या मी जमिनीवर चालवतो. रात्री, सगळे झोपल्यावर. पाकीटबंद वीसेकच आहेत.

प्रेसचा_पोरगा

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. १९२५ पासूनचा तो प्रेस, देशाची पोस्टाची तिकिटं तिथे छापली जातात. आमच्या घरात तिकिटांचे अकरा अल्बम आहेत. वडील ती चिमट्याने उचलत, श्वास रोखून. त्यांना कोणी 'अजून लहान आहात का' असं विचारलं नाही. उलट पाहुण्यांना अल्बम कौतुकाने दाखवायचे. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, शाळांच्या सहली जातात तिथे. मग तिकीट, नाणं म्हणजे छंद आणि गाडी म्हणजे पोरखेळ, ही वाटणी केली कोणी? तिकीट तरी पाकिटावर लावायलाच छापलेलं असतं ना? न वापरलेलं तिकीट जास्त मोलाचं, तिथे श्रीखंडाचा डबा कोणी काढत नाही.

भातुकलीवाली

वाटणी मी करते, कारण मीही जमवते. माझ्याकडे पितळी-तांब्याची भातुकली आहे, दीडशेच्या वर नग. बंब, पाटा-वरवंटा, शेवेचा सोऱ्या, ताकाचा रवीखांब, कडीचा डबा. बरीचशी भांडी बाजारातून एकेक करून घेतलेली, काही आजीची. बोराएवढ्या बंबाला खरी तोटी आहे, पाणी घातलं तर येतं. ते कुणीतरी हाताने ठोकून, डाग देऊन केलंय. तुमची गाडी साच्यातून लाखांनी निघते. दोन्हीला एका कपाटात कसं बसवता?

शिवाय भातुकली बघायला येणारी बाई हमखास सांगते की आमच्याकडे असं जातं होतं, आमची आजी असा कोळसा घालायची. घराण्याची गोष्ट निघते. गाडीतून कसली गोष्ट निघणार?

टूलरूमवाला

ताई, साच्याला नावं ठेवू नका, माझं पोट साच्यावर आहे. आमच्याकडे एक साचा करायला महिने जातात. १:६४ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन इंचात, बॉनेटची रेघ खऱ्या गाडीसारखी वाटावी आणि जस्ताचा रस कोपऱ्यापर्यंत पोहोचावा, हे करून बघा एकदा. तुमच्या बंबात तोटी करणाऱ्याचा हात दिसतो. माझ्या गाडीत साचा करणाऱ्याचा दिसतो, फक्त मला दिसतो.

आणि गोष्ट म्हणाल तर वर गटारीची सांगितली ना.

भातुकलीवाली

पहिला मुद्दा मानला. गटारीवर विचार करते.

दोन_लेकरांचा_बाप

सगळे छान छान बोलताय, मूळ दुखणं कोणी काढत नाही. माझा मुलगा ८ वर्षांचा. वाढदिवसाला गाडी घ्यायला म्हणून त्याला दुकानात नेलं, हुकांवर राहिल्या होत्या त्या डायनासोरच्या तोंडाच्या आणि कसल्याशा पिझ्झाच्या गाड्या. पोर्शे नाही, स्कायलाइन नाही. दुकानातला पोरगा हसून म्हणाला, "साहेब, सकाळी खोका उघडतानाच काका लोक उभे असतात." चाळीशीतले बाप्ये लहान पोरांच्या खेळण्यांच्या खोक्यात हात घालून निवडून नेतात आणि संध्याकाळी ग्रुपवर तिप्पट भावाने विकतात. भाच्याला एक दिली नाही हा घरचा मामला. माझ्या पोराच्या वाटची रोज जाते, त्याचं काय?

टूलरूमवाला

विकणारे आहेत, त्यांना आमच्यातही शिव्याच पडतात. मी आजवर एकही विकलेली नाही. पण खोका उघडताना मी उभा राहिलोय, हे खोटं कशाला सांगू. ती ट्रेझर हंटही तशीच मिळाली.

दोन_लेकरांचा_बाप

मग झालं तर. भाच्याला नाही म्हणालात ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा दुकानातच म्हणाला होतात.

अर्धवट_इंजिनीअर

बापभाऊ, राग बरोबर आहे, पण सगळ्यांवर एकच छडी नको ना भो. माझा छंद जपानी फिगरचा, त्या लहान मुलांसाठी नसतातच. खोक्यावर १५ वर्षांपुढील असं छापलेलं असतं. त्यातही मजा ऐका. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. माझं पार्सल मध्येच अडकलं. मला लिहून द्यावं लागलं, की मी ३१ वर्षांचा आहे, ही बाहुली माझ्या स्वतःसाठी आहे, घरात लहान मूल नाही. सही, तारीख. जे घरात आईपासून लपवतो ते बाहेर लेखी कबूल केलं.

हिशोबी

म्हणजे बाहुलीच्या किमतीच्या वर ७० टक्के. मी काही बोलत नाही.

धूळ_कोण_पुसतं

मी एका संग्राहकाची बायको (धागाकर्त्याची नव्हे, तिला माझा नमस्कार सांगा). छंद, वारसा, साचा सगळं मान्य. आमचा फ्लॅट सहाशे फुटांचा. त्यातली एक भिंत यांच्या फिगरची. समोर रस्त्याचं काम गेली दोन वर्षं चाललंय, कपाटाला काच नाही, रोज थर. यांना पुसायला वेळ नाही आणि मी पुसलं तर तलवार मोडते. माझ्या शिवणयंत्राला जागा मागितली तर म्हणे, बाल्कनीत ठेव. मोठ्या माणसाने खेळण्यांशी खेळावं की नाही हा प्रश्नच नाही. खेळून झाल्यावर पसारा कोण आवरतं, हा आहे. सहा वर्षांच्या पोराला आपण तेच विचारतो ना?

भातुकलीवाली

+१००. माझी भातुकली मीच चिंचेने घासते, दसऱ्याच्या आधी दोन दिवस जातात.

पिंपळपारावरून

धूळताईंनी सगळ्यांची काढली. शिवणयंत्र बाल्कनीत? पावसाळ्यात?

प्रेसचा_पोरगा

विषयांतर करतो. दिवाळीला किल्ला करता ना सगळे? आमच्या सोसायटीत तो पोरांच्या नावाने बापच करतात. पोरं कंटाळून फटाक्यांकडे पळतात आणि चाळिशीतले चार जण गुडघ्यावर बसून हळीव पेरतात, मावळा तटावर कुठे उभा करायचा यावर भांडतात. महाराज सिंहासनावर बसवले की सगळे लांब जाऊन बघतात. मातीचे मावळे पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्षभर माळ्यावर जपतात, फुटला तर फेविकॉल. ते काय आहे मग? फिगरच की. पण तिथे कोणी हसत नाही.

दोन_लेकरांचा_बाप

कारण तो मावळा पोराने मागितला तर त्याच्या हातात मिळतो. आणि किल्ला सगळ्या गल्लीचा असतो.

प्रेसचा_पोरगा

हं. याला उत्तर नाही सध्या.

हिशोबी

मला मात्र धागाकर्त्याचं पहिलं पोस्ट पुन्हा वाचून वेगळंच दिसलं. त्याने दहा गाड्या देऊ केल्या होत्या. सहा वर्षांच्या पोराला 'या दहा घे, ती एक नाही' हे ऐकायला लावणं यात मला काही वावगं दिसत नाही. माझ्या कपाटातल्या एफडीच्या पावत्या कोणी भाच्याला खेळायला मागत नाही, एवढाच फरक. पैशाचं मत कायम आहे.

टूलरूमवाला

काल बहिणीला फोन केला. पाच मिनिटं हवापाण्याचंच बोललो. मग तिनेच सांगितलं, की भाच्याने जाताना खालच्या खणातली एक गाडी खिशात टाकून नेली, लाल, मागचं चाक वाकडं असलेली. तिला घरी जाऊन कळलं. म्हणते, परत पाठवू का? मी म्हटलं, राहू दे.

ट्रेझर हंट कपाटातच आहे. पुढच्या वेळी तो येईल तेव्हा काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. बायको म्हणते, त्या दिवशी कपाट माझ्या माहेरी नेऊन ठेव.

धूळ_कोण_पुसतं

एक विचारायचं राहिलं. यांच्या दोन-तीन फिगर हाताला चिकट लागतात, पुसल्या तरी आठवड्यात परत. खराब झाल्या का? हे घाबरून बघतच नाहीत.

अर्धवट_इंजिनीअर

खराब नाहीत. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य हळूहळू वर येतं. बंद खोक्यात आणि उन्हाळ्यात जास्त. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा, हवेशीर ठेवा. धूळ काढायला मेकअपचा जुना ब्रश उत्तम. तलवार आधी काढून ठेवायची, बहुतेक फिगरची निघते.

धूळ_कोण_पुसतं

निघते?! सहा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही. थांबा, यांना उठवते.